सावळखेड्याचा फरक

१

वर्ध्याच्या त्या कापूस कंपनीत रूपराव झाडे तेवीस वर्षं मुनीम होते, आणि तेवीस वर्षांत त्यांनी कुणाच्या तोंडच्या आकड्यावर विश्वास ठेवला नव्हता. घरी कमलाबाईंनी दळण पाच शेर झालं म्हटलं की हे पिठाचा डबा हातानं उचलून पाहत. "मुनीमजीले देवानं परसाद देला, तरी पयले तराजूत टाकून पायतीन," असं दफ्तरातला बंडूजी म्हणे. रूपरावांना त्याचा राग येत नसे. संशयी माणूस कधी बुडत नाही, असं त्यांचं साधं गणित होतं.

१९५८ चा फेब्रुवारी चालू होता. कंपनीला तीन लेकरं होती. आर्वीची जिनिंग, पुलगावची तेलाची गिरणी आणि तिसरी ती आडरानातली सावळखेड्याची जिनिंग. कायदा त्यांना उपकंपन्या म्हणे. नव्या कायद्यानं लेकरांचे हिशोब मायच्या हिशोबाला जोडणं आलं होतं. शेठजींना तर चौघांचा मिळून एकच ताळेबंद हवा होता, कारण तो पाहिल्याशिवाय बँक कर्ज देणार नव्हती. फेब्रुवारीच्या वीस तारखेचा वायदा होता.

आता हे काम तसं सोपं. मायनं लेकराला दहा रुपये उसने दिले म्हणून घर काही श्रीमंत होत नाही. तेव्हा सगळ्या घराचा हिशोब करताना मायचं येणं आणि लेकराचं देणं, दोन्ही खोडायचं. जे दोन्ही वह्यांत आहे ते एकत्र कागदावर राहता कामा नये, एवढंच त्यातलं इंगित.

रूपरावांच्या दफ्तरात याची जुनी रीत होती. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकानं लेकराची वही वाचायची, दुसऱ्यानं मायची बघायची. आकडा जुळला की वाचणाऱ्यानं म्हणायचं "मिटलं", मग ऐकणाऱ्यानं म्हणायचं "मिटलं", आणि दोन्हीकडच्या ओळीवर लाल रेघ. रेघ खात्याच्या नावापासून सुरू व्हायची आणि आकड्यापर्यंत जायची. नुसता आकडा खोडलेला रूपरावांना चालत नसे.

वाचायला प्रेमदास थूल असे. सव्वीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला, नालवाडीहून पायी येणारा कारकून. लाल-निळी पेन्सिल कायम डाव्या कानावर. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला तेव्हापासून मान जरा ताठ ठेवून चालायचा, आणि ते दफ्तरात दोघा-तिघांना खुपायचं.

आर्वीचं मिटलं. पुलगावचं मिटलं. सावळखेड्याला फरक आला, एक हजार वीस रुपयांचा.

२

फरक उलटा होता, आणि तिथंच रूपरावांच्या कपाळाला पहिली आठी पडली.

सावळखेडा म्हणत होतं की आम्ही वर्ध्याचे एक हजार वीस रुपये देणं लागतो. वर्ध्याच्या वहीत असं काही येणं नव्हतंच. पैसे कमी आले असते तर रूपरावांना कळलं असतं. चोर ओळखायला त्यांना अर्धा तास पुरे. पण हा कुठला चोर, जो आपल्या घरात शिरून पैसे ठेवून जातो?

त्यांनी पत्र टाकलं. चौथ्या दिवशी सावळखेड्याच्या मॅनेजरचं, बापूरावांचं, उत्तर आलं. 'हेड ऑफिसकडून आलेल्या कारकुनाचा पगार, दरमहा पंच्याऐंशी, बारा महिने.' सोबत हजेरीपत्रकाची नक्कल होती. रूपरावांनी ती उघडली. प्रेमदास थूल, कारकून. हजर. हजर. हजर. वर्षभरात एकही खाडा नाही.

त्यांनी चष्म्यावरून समोर पाहिलं. प्रेमदास आपल्या स्टुलावर बसून टाक झटकत होता. वर्षभर तो इथंच होता. रोज सकाळी दहाला त्याची चप्पल दाराशी वाजत होती.

"प्रेमदास, इकडं ये." रूपरावांनी कागद त्याच्या पुढ्यात सरकवला. "हे काय आहे?"

त्यानं वाचलं. कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. "हे त माहं नाव हाय, मुनीमजी."

"नाव तुहं हाय ते मलेबी वाचता येते. दोन ठिकाणी पगार उचलून राह्यला काय तू?"

"मी? मी त सावळखेडा पायलंबी नाई अजून! आर्वीच्या पुढं गेलो नाई कधी." त्याचा आवाज चढला, मग दफ्तर ऐकतंय हे लक्षात येऊन एकदम खाली आला. "तुमीच सांगा जी, मी एकाच दिवशी दोन जागी कसा राहीन?"

बंडूजीनं वहीत तोंड घालून हसू दाबलं. रूपरावांनी मात्र मनात एक ओळ लिहून ठेवली. माणूस लटपटला. त्यांचं म्हणणं असं की हा संशय निव्वळ हिशोबाचा होता, जातीबितीचा त्यात काही संबंध नव्हता. म्हणोत बापडे. बंडूजीच्या नावाची नक्कल आली असती तर त्यांनी आधी चहा मागवला असता.

३

रात्री जेवताना कमलाबाई म्हणाल्या, "भाजीत मीठ जास्त झालं काय? काऊन असे पाहून राह्यले?"

"बाई, चोरी नाही आणि चोर आहे, असं कधी ऐकलंस?" आणि त्यांनी प्रेमदासच्या हजेरीची गोष्ट सांगितली.

"मले तुमच्या कचेरीतलं काई समजत नाई. पोराले बिचाऱ्याले उगाच छळू नोका."

रूपराव रागावले. छळत कोण होतं? त्यांनी सगळ्या शक्यता मांडून पाहिल्या होत्या. सावळखेड्याला कुणी तोतया बसला असेल, तर त्यानं पगार उचलला असता. बापूराव खोटी हजेरी लावून पैसे खात असेल, तर ते पैसे वर्ध्याचं देणं म्हणून का दाखवेल? नावाचा दुसरा माणूस असेल, तर हजेरीवर सही कुणाची? नक्कल करणाऱ्यानं सहीसुद्धा हुबेहूब उतरवली होती. प्रेमदास 'थूल'मधल्या 'ल'ला शेवटी एक छोटा फाटा द्यायचा. तो फाटाही होता.

नक्कल करणारा इतका हुशार असतो कुठं? आणि तो कागद नक्कल नसेलच तर?

इथं रूपराव थांबले. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मत करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची आर्वीची एस.टी. पकडली. दफ्तरात कुणालाच सांगितलं नाही. प्रेमदासला तर मुळीच नाही.

४

आर्वीहून पुढं बैलांच्या रेंगीत दीड तास गेला. जिनिंग गावाबाहेर एकटीच उभी होती. आत कापसातली सरकी काढणारे सगळे रेचे चालू होते, आणि रुईचे बारीक तंतू हवेत असे भरले होते की रूपरावांना धोतराचा सोगा नाकाला लावावा लागला.

बापूराव मॅनेजर गोल, हसरा माणूस. त्यानं मुनीमजींना गूळपाणी दिलं.

"थूलबाबू?" तो म्हणाला. "वा! असा मानूस नाई पायला, मुनीमजी. एक खाडा नाई, एक चूक नाई."

"इथं कुणी पाठवला त्याला?"

"तुमीच!" बापूराव जरा गोंधळला. "मंजे... मांगच्या सालच्या जानेवारीत मी सकाळी आलो, त बाबू खुर्चीवर बसून लिवून राह्यले होते. हेड ऑफिसचा मानूस दिसला. हेड ऑफिसच्या मानसाले 'काऊन आला' असं कोन इचारते, जी?"

हे मात्र खरं होतं. वर्ध्याहून आलेल्या माणसाला कुठल्याच जिनिंगवर कुणी काही विचारत नसे. ती शिस्त खुद्द रूपरावांनीच लावली होती.

"आणि पगार?"

"घेतच नाई. देवाले गेलो त नुस्ती मान हालवते. मंग मी म्हटलं, वर्ध्याले भेटत असन. वर्ध्याचं देनं म्हनून लिवून टाकलं."

दाराशी सखू नावाची मजूरबाई कचरा गोळा करत होती. ती मध्येच बोलली. "पानीबी पेत नाई तो बाबू. रोज माठ भरून ठेवला, त सांजेले भरलेलाच राह्यते."

"चूप बस वो!" बापूराव हसला, पण ते हसणं जरा उशिरा आलं. "जाऊन भेटा ना, मुनीमजी. मांगच्या खोलीत हाय."

तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला. एकेक रेचा थांबत गेला आणि इतकी शांतता झाली की रूपरावांना स्वतःच्या चपलांचा आवाज नकोसा वाटला. मागच्या खोलीच्या दाराला रुई आत जाऊ नये म्हणून बारीक जाळी मारली होती. जाळीपलीकडून टाकाचा आवाज येत होता. करकर, मग थांबणं, मग दौतीला टेकल्याचा आवाज, पुन्हा करकर. हा आवाज रूपराव रोज समोर बसून ऐकत.

त्यांनी जाळीला डोळा लावला.

पाठमोरा माणूस लिहीत होता. डाव्या कानावर पेन्सिल होती. खांद्यांवर, केसांवर, कानाच्या पाळीवर बोटभर रुई साचली होती. वर्षभर न झाडलेल्या फळीवर साचते, तशी. फक्त उजवा हात स्वच्छ होता, आणि तो चालत होता.

"प्रेमदास!" रूपरावांच्या तोंडून निघून गेलं.

टाक थांबला. हाक ओळखीची आहे, असं त्या पाठीत काहीतरी झालं. मग मान वळू लागली. अगदी हळू. मान वळत होती, तरी मानेवरची रुई जागची हलत नव्हती.

रूपराव तिथं थांबले नाहीत. शहाणा माणूस थांबलाच नसता. बापूरावाला काय सांगितलं ते त्यांना पुढं कधी आठवलं नाही. रेंगीत बसल्यावर त्यांनी एकच काम केलं. आपल्या खांद्यांवरची रुई दोन्ही हातांनी झाडत राहिले.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला चप्पल वाजली. प्रेमदास आला, स्टूल पुसलं, बसला.

"मुनीमजी, एक गोठ इचारू?" तो म्हणाला. "काल दुपारी तुमी मले हाक मारली काय जी?"

"मी काल गावात नव्हतो."

"तेच त बंडूजी म्हनते. पन एकदम मांगून आवाज आला. तुमचाच. मी उठून उभा राह्यलो, आन् मान वळवून पायलं त कोनीच नाई."

बंडूजीनं साक्ष दिली, "हो, लय घाबरला होता बुवा. जेवनाच्या वक्ताले."

रूपरावांनी काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, हे त्यांना तेव्हाही कळत होतं. पण संशयी माणसाचं असं असतं की तो भ्यायला तरी संशयच घेतो. दोघांतला खरा कोण, हा किडा त्यांच्या डोक्यात शिरला होता. दिवसभर ते चोरून पाहत राहिले. प्रेमदास पाणी पितो का? प्याला, दोनदा. डबा खातो का? भाकर आणि ठेचा खाल्ला. घाम येतो का? येत होता. रूपरावांना हायसं वाटलं, आणि तरीही नजर काही हटेना.

त्यालाही ते कळत होतं. सायंकाळी सगळे उठल्यावर तो टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"मुनीमजी, तुमी मले चोर समजून राह्यले."

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हनाले कायले पाह्यजे? दिसते ना." त्याचे डोळे भरले होते, आणि त्याला त्याची लाज वाटत होती. "माही नोकरी गेली त आमी खाचं काय? कांताले पाचवा महिना हाय. घरी आमी दोघंच. मले दुसरं काई नोको, हा आळ मिटवा."

शेठजींनी दुसऱ्या दिवशी रूपरावांना आत बोलावलं. सगळं ऐकून घेतलं, म्हणजे रूपरावांनी जेवढं सांगितलं तेवढं. "रूपरावजी, रुपया कुठं गेला का?" "नाही." "कुठून आला का?" "नाही." "मग तुमच्या वहीत तेवढं येणं लिहा आणि दोन्हीकडून खोडा! एका कारकुनासाठी कर्ज अडवता काय?"

बोलण्यात चूक काहीच नव्हती. एका वहीत आहे आणि दुसऱ्या वहीत नाही, म्हणून फरक. दोन्ही वह्यांत आणलं की फरक नाही. रूपरावांनी वर्ध्याच्या वहीत नवी ओळ लिहिली. जुन्या रीतीप्रमाणे खातं माणसाच्या नावानं घातलं. प्रेमदास थूल, सावळखेड्याकडून येणे. लिहिताना हात अडला. मग ते स्वतःलाच म्हणाले, कागदावर आकडे खोडले जातात, रूपराव. माणसं नव्हे.

६

एकोणीस तारखेला दुपारी दोघं समोरासमोर बसले. बाकीचे जेवायला गेले होते. प्रेमदासनं सावळखेड्याची वही उघडली आणि वाचायला लागला.

"सरकीची विक्री, चार हजार दोनशे. मिटलं."

"मिटलं."

"गाठी बांधायची पट्टी, तीनशे दहा. मिटलं."

"मिटलं."

अशा नऊ ओळी झाल्या. दहाव्या ओळीवर तो थांबला.

"प्रेमदास थूल," त्यानं वाचलं. आपलंच नाव असं परक्यासारखं मोठ्यानं वाचताना तो कसंनुसं हसला. "एक हजार वीस. मिटलं."

रूपरावांनी पेन्सिल खाली ठेवली.

"मुनीमजी, मिटलं म्हना ना."

"ही ओळ राहू दे. ही एक राहू दे, आपण पुढं जाऊ."

"काऊन?" तो पुढं वाकला. "आकडा जुळून राह्यला. नाव जुळून राह्यलं. मंग फरक काऊन ठेवता? लोक म्हनतीन, मुनीमजीच्या मनात अजूनबी काई हाय."

"तसं नाही रे."

"मंग कसं हाय ते त सांगा!"

काय सांगणार? की मी तुला तिकडं पाहिलं? की तुझ्या मानेवर रुई होती? तेवीस वर्षांचा मुनीम, आणि भुताखेताच्या गोष्टी सांगतो? उद्या शेठजींना कळलं तर हेच स्टूल त्यांच्याही खालून जाईल. रूपरावांनी दौतीकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं. सगळीकडं पाहिलं, फक्त समोर पाहिलं नाही.

"हात जोडतो, मुनीमजी," तो म्हणाला. "मोकळं करा मले."

"मिटलं," रूपराव म्हणाले, आणि नावापासून आकड्यापर्यंत रेघ ओढली.

समोरून दुसऱ्या रेघेचा आवाज आला. लाल पेन्सिलीचा, सावकाश, पूर्ण ओळभर. मग पान उलटल्याचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही.

रूपरावांनी मान वर केली नाही. खाली पाहूनच ते बेरजा करू लागले. डावी बाजू, उजवी बाजू, पुन्हा डावी. पैशाचाही फरक नव्हता. आयुष्यात इतका चोख ताळेबंद त्यांनी बांधला नव्हता. तरी ते पुन्हा बेरीज करत राहिले, कारण बेरीज संपली की समोर पाहावं लागलं असतं.

बंडूजी जेवून आला आणि दारातच थांबला.

"मुनीमजी," तो म्हणाला, "एकलेच बसून मोठ्यानं काऊन वाचून राह्यले?"

७

कर्ज मंजूर झालं. शेठजींनी रूपरावांना धोतरजोडी दिली. वर्ध्याच्या हजेरीत सहा नंबरनंतर एकदम आठ नंबर होता, आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. रूपरावांनी एकदा बंडूजीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "या स्टुलावर कोण बसायचं रे?" तो म्हणाला, "त्याच्यावर? जुन्या वह्या ठेवतो ना आपन." सावळखेड्याला त्यांनी पत्र लिहिलं नाही.

त्यांच्या एकट्याच्या डोक्यात मात्र सगळं जसंच्या तसं होतं. देवानं ही दया का केली नाही, की मलाही विसर पडावा, असं त्यांना रोज वाटे. दहा वाजता चप्पल वाजायची वेळ झाली की ते दाराकडं पाहत.

पुढच्या रविवारी ते नालवाडीला गेले. त्या वस्तीत ते याआधी कधी प्यालाभर पाण्यालाही थांबले नव्हते. विचारायचं तरी कुणाच्या नावानं? ते गल्लीगल्लीतून फिरले, आणि एका दारात एक बाई उभी दिसली. सहावा महिना असावा. रस्त्याकडं नजर लावून उभी होती. कुणाची वाट पाहतो आहोत हे ठाऊक नसलेल्या माणसासारखा तिचा चेहरा होता.

"कोन पायजे, बाबा?"

"कुणी नाही. उन्हाचा थांबलो जरा."

"आत बसा." तिनं पाट मांडला. चुलीपाशी दोन ताटं वाढून ठेवली होती. तिच्या लक्षात आलं की म्हातारा ताटांकडं पाहतो आहे. "माह्या हातानं रोज दोन होते," ती म्हणाली. "जेवाले कोनी नाई. काऊन होते ते मले समजत नाई. आज तुमी आले त बसा जेवाले."

रूपराव बसले.

ती समोर बसली आणि पदर पोटावर ओढून घेतला. "तुमी मोठे मानसं दिसता. एक इचारू? वस्तीतल्या बाया म्हनते, लेकरू कोनाचं हाय ते सांग, नाई त घर सोड. मी काय सांगू? मले आठवतच नाई, बाबा. मी डोकं धरून बसते रात-रात. पन मी तशी बाई नाई. खरं सांगते, मी तशी नाई."

रूपरावांनी तिच्याकडं पाहिलं. ती खोटं बोलत नव्हती. एवढं त्यांना कळत होतं.

जिभेवर नाव होतं. दफ्तरात दिवसातून तीस वेळा हाक मारलेलं नाव. ते उच्चारलं तर हिला नवरा मिळाला असता, निदान नावापुरता, आणि पोटातल्याला बाप. पण मग वस्तीनं विचारलं असतं, तो कुठं आहे? तुम्हाला कसं ठाऊक? शेवटी त्याला कुणी पाहिलं? सगळ्यांनी मिळून त्यांच्याकडं त्याच नजरेनं पाहिलं असतं, ज्या नजरेनं ते जन्मभर दुसऱ्यांकडं पाहत आले.

"तुमाले काई मालूम हाय काय, बाबा?"

"नाही," रूपराव म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

भाकर गरम होती. ते खाली मान घालून जेवत राहिले.

"अजून वाढू काय?" कांतानं विचारलं.

"वाढ," ते म्हणाले.